अध्यापकांचा कल मोजायचाय? आधी विधानं नीट लिहा

वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यार्थ्यांना महाविद्यालयाबाहेर, समाजात आणि आरोग्य केंद्रात शिकवायचं, म्हणजे समाजाधारित प्रशिक्षण. त्याबद्दल अध्यापकांना काय वाटतं, हे सरळ विचारलंत तर जवळपास सगळे "चांगलंच आहे" म्हणतील. प्राथमिक आरोग्यसेवेचा आग्रह धरणाऱ्या 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यानंतर तत्त्वाला उघड विरोध करणारं कोण सापडणार? म्हणून तत्त्वाची विधानं तीन-चारच ठेवा, बाकीची रोजच्या कामाशी बांधा: "माझ्या विषयाचे तास कमी करून विद्यार्थ्यांना आठवडाभर आरोग्य केंद्रात पाठवायला मी तयार आहे." खरा कल इथे दिसतो.

एका विधानात दोन गोष्टी कोंबू नका. "हे प्रशिक्षण उपयुक्त आणि शक्य आहे" याला कुणी 5 पैकी 3 गुण दिले, तर ते उपयुक्ततेला की शक्यतेला, कळायचं कसं? पाच पायऱ्यांच्या लिकर्ट मापनात ("अजिबात असहमत" 1 ते "पूर्ण सहमत" 5) काही विधानं उलट्या अर्थाची असू द्या, पण बेरजेआधी त्यांचे गुण 6 मधून वजा करून घ्या. हे राहिलं की क्रॉनबाख अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) कोसळतो आणि नवखा माणूस चांगली विधानं उगाच काढून टाकतो. फार वेळा होतं हे.

दंतवैद्यकाच्या अध्यापकांचा हिशेब वेगळा मांडा. खुर्ची, कॉम्प्रेसर, निर्जंतुकीकरणाची सोय नसेल तर केंद्रात बरेचसे उपचार शिकवणं अवघड जातं. त्यांची नाराजी पुष्कळदा सोयींबद्दल असते, कल्पनेबद्दल नव्हे. शरीररचनेसारखे, रुग्णांशी थेट संबंध नसलेले विषय शिकवणारेही वेगळे नोंदवा.

आणि नाव विचारू नकाच. लहान विभागात पद, वय, लिंग एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, मग उत्तरं गुळमुळीत येतात.