माळावर गुरांच्या पाण्यासाठी दुसरं शेततळं खोदावं की पाइपलाइन टाकून हौद बांधावेत?

भाऊ, अमेरिकेत ओरेगॉनच्या उंच वाळवंटी पठारावर गुरं पाळणारे पाइपलाइन टाकून जागोजागी हौद ठेवतात. ते वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा-आर्वीकडच्या माळावर वीस ढोरांसाठी जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल. दुसरं शेततळं सध्या राहू द्या.

तिकडे वर्षाला जेमतेम २५०-३०० मिलीमीटर पडतं. आपल्याकडे हजाराच्या आसपास, पण जवळजवळ सगळं चार महिन्यांत, आणि ते मेपर्यंत पुरवायचं. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, उतरत्या काठांचं शेततळं भरलं की साधारण २२ लाख लिटर होतात. आता मे महिना बघा. पाणी मीटरभरच उरलं तरी त्याचा पसारा २६ बाय २६ मीटर असतो. आपल्या उन्हात रोज सेंटीमीटरभर उडालं, तर साडेसहा हजार लिटरच्या वर गेलं. तुमची ढोरं, एकेकाला ५०-६० लिटर धरले तरी, हजार-बाराशे लिटरच पितात. तसंच दुसरं तळं खोदणं म्हणजे उन्हाला आणखी एक ताट वाढणं.

ओरेगॉनमध्ये उथळ तळ्यांच्या पोटात खोल खड्डे खणतात, म्हणजे शेवटचं पाणी थोड्या जागेत गोळा होतं. तुमचं तळं आटलं की एका कोपऱ्यात तसाच डोह करा. मुरूम उघडा पडला तर तेवढ्याला प्लास्टिक घालावंच लागेल.

हौद धुऱ्याजवळ, कडुनिंबाच्या सावलीत बांधा. उतार असेल तर पाइपने आपसूक भरेल, नसेल तर छोटा सोलर पंप लागेल. बॉलकॉक लावा, भोवती दगड अंथरा, आतून अधूनमधून चुना मारा, शेवाळ कमी धरतं. ढोरं तळ्यात मात्र अजिबात उतरू देऊ नका. काठ ढासळतो, चिखलातल्या गोगलगायींमुळे पोटात पर्णकृमी (चपटे जंत) जातात, आणि प्लास्टिकवरून घसरलेलं वासरू वर येऊ शकत नाही. ही काळजी माझ्या लेखी पाणी वाचवण्याहून मोठी आहे.

जमलं तर हौद दोन बांधा, लांब-लांब, आणि आलटून पालटून भरा. ढोरं पाण्याभोवतीच घोटाळतात, तिथलं गवत मुळासकट जातं आणि लांबचं उभ्यानं वाळतं. पाणी हललं की चराई हलते, गायक्याचीही दमछाक वाचते.

खर्च करण्याआधी तळ्यात खुणा केलेली काठी रोवा आणि सकाळ-संध्याकाळ पातळी बघा. ऊन पाणी नेतं ते मुख्यतः दिवसा. रात्रीतूनही तेवढीच उतरत असेल तर पाणी खाली जिरतंय, मग हौदाच्याही आधी प्लास्टिकचं बघा.