आधी जागा, मग बोट

या वेळी वडोदऱ्याहून आलेली तीन पत्रं घेतली आहेत. तिन्ही पाण्यावरच्या घराबद्दल आहेत.

प्रश्न : मुलगा आणि सून इंग्लंडात स्विंडनला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. ते गाव त्यांना रुक्ष वाटतं. बाथला नॅरोबोट (कालव्यावरची लांब, अरुंद बोट) घेऊन कालव्यावरच राहायचं म्हणतात. तिथल्या फ्लॅटपेक्षा स्वस्त पडेल असा त्यांचा हिशेब आहे. आमच्या मुदत ठेवीतून थोडी मदत करायची आहे. आधी काय तपासायला सांगू? — एक आई, दांडिया बाजार

उत्तर : काकू, बोटीचे फोटो बाजूला ठेवायला सांगा आणि ती बांधणार कुठे, हे विचारा. बाथ ते ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या पट्ट्यात राहत्या बोटींची आधीच दाटी आहे, आणि कायम राहायची परवानगी असलेली जागा क्वचितच सुटते. जाहिरातीत ‘जागेसह’ असं छापलेलं असलं तरी बोटीबरोबर जागेचा करार आपोआप नव्या मालकाच्या नावावर होत नाही. जागेच्या मालकाकडून तसं लेखी घ्यायला हवं. शिवाय काही जागा फक्त हौशी वापरासाठी असतात. तिथे बिऱ्हाड थाटलं तर करार रद्द होऊ शकतो.

जागा मिळाली नाही तर फिरतं राहावं लागेल. १९९५ च्या कायद्यानुसार अशी बोट साधारणपणे एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबू शकत नाही. किती मैल हलायचं याचा आकडा कायद्यात नाही, पण त्याच दोन-तीन मैलांत घिरट्या घालणाऱ्यांचा परवाना नूतनीकरणाला अडतो. कालवे सांभाळणारा कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट बोटी कुठे दिसल्या याची नोंद ठेवतो. एप्रिल २०२४ पासून अशा फिरत्या बोटींना परवान्यावर अधिभारही आहे. मुलाची नोकरी स्विंडनलाच राहणार असेल तर कालव्यावर पूर्वेकडे लागणाऱ्या डिव्हायझेस गावाला रेल्वे स्टेशन नाही आणि तिथे केन हिलची २९ लॉक्स (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद) चढायची आहेत, हे आधीच नकाशावर पाहून ठेवावं. बँक, नोकरी, व्हिसा या सगळ्यांना पत्ता लागतो, तोही आधी ठरवावा. स्वस्ताईचा हिशेब हे सगळं मांडून झाल्यावर करायचा.

आता बोट. नव्या बोटीत तळाची पत्रा-प्लेट साधारण १० मिमी, बाजू ६ आणि केबिन ४ मिमी जाडीची असते. जुनी बोट पाण्याबाहेर काढून, अल्ट्रासाउंडने जाडी मोजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सर्व्हेअर आपण नेमलेला हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. पाण्याच्या रेषेपाशी आणि तळाच्या कडेला खड्डे पडलेत का, ते मुद्दाम विचारा. बाजूची जाडी ४ मिमीच्या खाली गेली की विमा कंपन्या कुरकुरतात. दर चार वर्षांनी लागणारं सुरक्षा प्रमाणपत्र गॅस, इंधन आणि वायरिंगपुरतं असतं. तळाच्या पत्र्याबद्दल ते काही सांगत नाही. इथे भले भले फसतात. मालकीची सक्तीची नोंदवही नसल्यामुळे आधीच्या विक्रीपत्रांची साखळी आणि बोटीवर कर्ज नसल्याचा पुरावा मागावा. नेहमीचं गृहकर्ज बोटीवर मिळत नाही.

बोटी बुडतात त्या बहुधा साध्या दुर्लक्षाने. इंजिनाजवळ तळाला एक झाकण असतं, त्याला वीड हॅच म्हणतात. बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याला अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी किंवा दोरी तिथून हात घालून काढतात. झाकण घट्ट बसवायचं राहिलं आणि इंजिन चालू केलं, की पंखाच पाणी आत फेकतो. दुसरी जागा लॉक. उतरताना वरच्या दारापाशी पाण्याखाली सिमेंटचा किंवा दगडाचा उंबरा असतो आणि भिंतीवर त्याची पांढरी खूण असते. बोटीची मागची बाजू त्या खुणेच्या पुढे ठेवायलाच हवी. नाहीतर पाणी उतरलं की मागचं टोक उंबऱ्यावर टेकतं आणि नाक बुडतं.

तुमच्या रकमेबद्दल : निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात. १० लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर बँक टीसीएस (रक्कम पाठवतानाच कापून घेतला जाणारा कर) घेते. तो विवरणपत्रात तुमच्या कराशी वळता होतो. ठेव मोडायच्या आधी सर्व्हेचा अहवाल मागवून घ्या.

प्रश्न : लेक इंग्लंडात बोटीवर राहते. मिक्सर आणि कुकर चालतील का? — मांजलपूर

उत्तर : चालतील. ७५० वॉटचा मिक्सर १२ व्होल्टच्या बॅटरीतून, इन्व्हर्टरची गळती धरून, ७० अँपिअरच्या आसपास ओढतो. पाच मिनिटांत सुमारे ६ अँपिअर-तास गेले. ११० अँपिअर-तासांच्या चार लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या असतील तर ४४० पैकी निम्मेच वापरायचे असतात, म्हणजे चटणीपुरतं भरपूर आहे. मिक्सर सुरू होताना झटका जास्त घेतो, म्हणून इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा आणि १५०० वॉट किंवा त्याहून मोठा हवा. इंडक्शन मात्र विसरा, २००० वॉटला १८० अँपिअरहून जास्त लागतात.

कुकर गॅसवर. हिवाळ्यात सिलिंडर प्रोपेनचा असू द्या, ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास गॅस व्हायचाच थांबतो. खरी कटकट वाफेची आहे. थंड पत्र्यावर आणि खिडकीच्या चौकटीवर वाफेचं पाणी होतं, ते गादीखाली झिरपतं आणि बुरशी येते. गादीखाली फळ्यांची जाळी घाला आणि शिट्ट्या होताना खिडकी उघडा. छतावरचे व्हेंट थंडीला कंटाळून चिंध्यांनी बुजवू नका. शेगडी पेटलेली असताना व्हेंट बंद असले तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वास नसतो. त्याचा अलार्म आता तिथे सक्तीचा आहे. झोपायच्या जागेजवळ आणखी एक लावा.

प्रश्न : आपल्याकडे आजव्याच्या तलावावर अशी बोट ठेवता येईल का? — कारेलीबाग

उत्तर : नाही. आजवा सयाजीरावांच्या काळापासून शहराला पिण्याचं पाणी देतो, आणि बोटीवर राहायचं म्हणजे सांडपाणी आणि डिझेल आलंच. विश्वामित्री नदीचा विचार तर मगरींना विचारूनच करावा. हौसच असेल तर केरळात अलप्पुळाला हाउसबोटीवर एक रात्र काढून पाहा. तिथल्या बोटी मच्छीमारांच्या जाळ्यांमुळे संध्याकाळी बांधून ठेवतात, म्हणून दुपारी वेळेवर चढा. उशिरा पोहोचलात तर फिरायला तासाभराचाच वेळ उरेल.