वाचक विचारतात : उंचावरचं कोरडं ऊन आणि घराचा बाहेरचा रंग

प्रश्न : आमचं घर वाळवंटी पठारावर, समुद्रसपाटीपासून जवळपास २००० मीटर उंचीवर आहे. बाहेरून चांगल्या प्रतीचा अॅक्रिलिक रंग दिला. तरी दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतींवर रोलरचे पट्टे दिसतात, आणि हात फिरवला की पांढुरकी पूड लागते. उत्तरेची भिंत मात्र नव्यासारखी आहे. रंग नकली निघाला का?

त्याच डब्यांतला रंग उत्तरेला टिकला, म्हणजे खोट डब्यात नसावी. रंग कधी आणि कसा लावला ते पाहायला हवं.

अॅक्रिलिक रंगात बाइंडरचे, म्हणजे रंगद्रव्याला बांधून धरणाऱ्या चिकट पदार्थाचे, सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी सावकाश उडालं, तर ते एकमेकांत मिसळून अखंड पापुद्रा बनतो. कोरडी हवा, वारा आणि तापलेली भिंत एकत्र आली की पाणी काही मिनिटांत उडतं आणि कणांना जुळायला वेळच मिळत नाही. रंग वरून वाळलेला दिसतो, पण आतून पोकळ राहतो. त्यावर या उंचीचं ऊन पडतं. दर १००० मीटरला अतिनील किरणांचा मारा साधारण १० टक्क्यांनी वाढतो. हे किरण बाइंडर तोडतात आणि मोकळी झालेली रंगद्रव्याची पूड हाताला लागते. पट्ट्यांचं मूळही तेच : पहिला पट्टा वाळल्यावर शेजारचा पट्टा त्याच्या कडेवर चढला, की तिथे थर दुप्पट होतो.

म्हणून हवेचं नाही, भिंतीचं तापमान मोजा. साधा इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. उन्हातली गडद भिंत हवेपेक्षा २० अंशांनी किंवा त्याहूनही जास्त गरम असू शकते. भिंत ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेली की ब्रश खाली ठेवा. उत्तर गोलार्धात क्रम असा ठेवावा : सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची, उत्तरेची केव्हाही, दक्षिणेची मात्र भल्या सकाळी किंवा आकाश ढगाळ असेल त्या दिवशी. पश्चिमेची भिंत ऊन उतरल्यावर संध्याकाळी घ्यावीशी वाटते, पण तो मोह टाळा. दिवसभर साठवलेली उष्णता गिलावा बराच वेळ धरून ठेवतो.

दुसरी अडचण रात्रीची. अशा प्रदेशात रात्री पारा झपाट्याने उतरतो. बऱ्याच अॅक्रिलिक रंगांना किमान १० अंश लागतात. काही खास रंग २ अंशांपर्यंत चालतात, तसं डब्यावर लिहिलेलं असतं. त्या आकड्याखाली पारा जाण्यापूर्वी रंगाला काही तास मिळतील इतक्या लवकर काम थांबवा.

घट्ट वाटतो म्हणून रंगात पाणी वाढवू नका. त्याने थर पातळ पडतो. वाळण्याचा वेग कमी करणारं, पाण्याच्या रंगांसाठीचं एक्स्टेंडर मिळतं. ते डब्यावर दिलेल्या प्रमाणातच घाला. गिलाव्याची भिंत फार शोषक असेल तर आधी पाण्याचा हलका फवारा मारा. भिंत गार आणि दमट व्हावी, पाणी चमकता कामा नये. लाकडावर हे अजिबात करू नये. दोघांनी मिळून काम करावं : एकाने कोपरे आणि कडा ब्रशने भरत पुढे जायचं, दुसऱ्याने लगेच रोलर फिरवायचा. ओल्या कडेला ओली कड मिळाली पाहिजे. थांबायचं तर कोपऱ्यावर किंवा सांध्यावर, भिंतीच्या मध्यावर नाही. वारा ताशी २५ किलोमीटरच्या वर असेल तर स्प्रे बंद ठेवा. उडालेले थेंब भिंतीपर्यंत पोचेतो अर्धे वाळतात आणि भिंत खरखरीत होते.

प्रश्न : पूड सुटणाऱ्या भिंतीवर थेट नवा रंग दिला तर?

नवा रंग त्या पुडीला धरेल, भिंतीला नाही, आणि पुढे पोपडे धरतील. नरम ब्रश, सौम्य साबण आणि पाणी घेऊन वरून खाली धुवा. भिंत पूर्ण वाळू द्या. मग काळं फडकं दाबून फिरवा. फडक्यावर पांढरं उमटलं तर पुन्हा धुवा. तरीही थोडं उमटत असेल तर पूड बांधून धरणारा, भिंतीत मुरणारा प्रायमर द्या. जुन्या रंगाची पकड तपासायला धारदार पात्याने फुलीसारखी चीर पाडा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. पट्टीबरोबर तुकडे आले तर तो थर खरवडून काढावाच लागेल. खूप जुन्या रंगात शिसं असू शकतं. चाचणी केल्याशिवाय कोरडं घासू नका.

एक गोष्ट हमखास राहून जाते. आदल्या दिवशी धुतलेल्या भिंतीवर रात्रीत वाऱ्याने पुन्हा धूळ बसते. रंगाला हात घालण्याआधी कोरड्या ब्रशने ती झाडा.

प्रश्न : रंग किती लागेल? रंगारी एकच जाड हात पुरेसा म्हणतात.

दोन हातच द्या. १ लिटर रंग १० चौरस मीटरवर पसरला, तर ओला थर १०० मायक्रॉनचा होतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). रंगात घन भाग आकारमानाने ४० टक्के असेल, तर वाळल्यावर ४० मायक्रॉन उरतात. तोच लिटर ताणून १४ चौरस मीटरवर नेला, तर जेमतेम २९ मायक्रॉन. खरखरीत गिलाव्यावर लिटरमागे ६ ते ७ चौरस मीटरच धरा. एकाच वेळी जाड थर दिला तर वरची साय आधी धरते, आतला ओलावा अडकतो, पुढे सुरकुत्या किंवा फोड येतात.

प्रश्न : खिडक्यांच्या लाकडी चौकटी करड्या पडल्या आहेत. पॉलिश पेपर मारून रंग चालेल ना?

चालेल, पण करडा भाग पूर्ण निघून ताजं लाकूड दिसेपर्यंत घासा. ऊन लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना जोडून ठेवणारा पदार्थ, मोडतं आणि वर सुटे तंतू उरतात. त्यांना रंग चिकटतो, पण तेच तंतू लाकडापासून सुटतात. घासल्यावर उघडं लाकूड उन्हात आठवडेच्या आठवडे ठेवू नका, शक्यतो त्याच दिवशी प्रायमर द्या. कापलेली टोकं पाणी सर्वांत जास्त पितात, त्यांना प्रायमरचे दोन हात हवेत. लाकडाचा ओलावा १५ टक्क्यांच्या खाली असावा.

प्रश्न : समोरच्या भिंतीला गडद लाल शेड चालेल का?

कोणत्या लाल रंगद्रव्याची शेड आहे, त्यावर अवलंबून आहे. आयर्न ऑक्साइडचे गेरू, विटकरी, पिवळसर मातकट रंग उन्हाला चांगले टिकतात. झगझगीत लाल, पिवळे, जांभळे बहुधा सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात आणि त्यातले बरेच लवकर उडतात. दुकानात शेड मिसळून घेताना बाहेरच्या वापराचे टिंट, म्हणजे शेड बनवायला मिसळायचे रंग, मागा. गडद भिंत जास्त तापते, रात्री तितकीच आकसते, आणि या रोजच्या ताणाने भेगा रुंदावतात. आमचं मत स्पष्ट आहे : दक्षिण-पश्चिमेला मध्यम किंवा फिकट मातकट शेड घ्या, गडद लाल हवाच असेल तर तो सावलीतल्या दारापुरता ठेवा.

प्रश्न : चौकट आणि गिलावा यांच्यामधलं सीलंट (फट बुजवणारा लवचीक भराव) वर्षभरात फाटतं. का?

सीलंट फटीच्या तळालाही चिकटलेलं असणार. मग ते दोन्ही बाजूंना ताणलं जाऊ शकत नाही. जुनं पूर्ण काढा, फटीपेक्षा किंचित जाड फोमची दोरी आत दाबा आणि त्यावर रंग धरणारं, फटीच्या रुंदीच्या किमान २५ टक्के हालचाल सोसणारं सीलंट भरा. खोली रुंदीच्या निम्मी ठेवा : १२ मिलिमीटर फटीला ६ मिलिमीटर. सकाळी, फट मध्यम उघडी असताना भरा, आणि डब्यावरच्या वेळेपेक्षा लवकर त्यावर रंग देऊ नका.