क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांवर) लोकांचे जॉब रांगेत लावणारा टॉर्क हा शेड्युलर काढून त्याजागी स्लर्म हा दुसरा शेड्युलर बसवायचा आहे. स्क्रिप्ट बदलण्याशिवाय आणखी कशाची तयारी करावी? आठवडाभरात होईल का?

स्क्रिप्टची काळजी सगळ्यात कमी करा. जॉब पाठवायला क्यूसबऐवजी एसबॅच, रांग पाहायला क्यूस्टॅटऐवजी एसक्यू, जॉब रद्द करायला क्यूडेलऐवजी एसकॅन्सल, हे लोकांच्या हातात लगेच बसतं. जुन्या नावांनी नव्या कमांड चालवणारे रॅपरही स्लर्मबरोबर मिळतात, सुरुवातीला तेही टाकून ठेवा. वेळ खातात त्या गोष्टी स्क्रिप्टमध्ये कुठेच लिहिलेल्या नसतात, जुन्या सिस्टिमवर त्या आपोआप होत असतात.

त्यात पहिली मेमरी. तुमच्याकडे लोक नोड (क्लस्टरमधला एकेक संगणक) आणि त्यातले कोअर मागत असतील, मेमरी बहुधा कोणीच मागत नसेल. स्लर्ममध्ये कोअरबरोबर मेमरीही हिशेबात धरली आणि डीफॉल्ट ठरवला नाही, तर मेमरी न मागणाऱ्या जॉबला अख्ख्या नोडची मेमरी जाते. आम्ही चाचणीच्या नोडवर हे पाहिलं. 40 कोअरच्या नोडवर एका कोअरचा जॉब चालू होता, नोडची स्थिती दाखवणारी एसइन्फो कमांड त्या नोडला 'मिक्स' म्हणजे थोडा भरलेला, थोडा मोकळा दाखवत होती, तरी पुढचा जॉब 'रिसोर्सेस' असं कारण दाखवत पेंडिंग. शेड्युलर बिघडला, असंच सगळ्यांना वाटलं. एसकंट्रोल या कमांडने नोडची माहिती काढली तेव्हा एकूण मेमरी आणि दिलेली मेमरी, दोन्हीकडे एकच आकडा! म्हणून डेफमेमपरसीपीयू, म्हणजे दर कोअरमागे डीफॉल्ट मेमरी किती ही सेटिंग, पहिल्या दिवसापासून भरा. 192 जीबीच्या नोडवर ऑपरेटिंग सिस्टिमला 12 जीबी सोडले तर 40 कोअरना प्रत्येकी साडेचार जीबी येतात. मग सीग्रुपची (लिनक्समधल्या, जॉबला ठरलेल्या मेमरीत बांधून ठेवणाऱ्या सोयीची) मर्यादा लावली की जास्त मेमरी खाणारा जॉब मारला जाईल आणि लोक तुमच्या दारात येतील. त्यांना झालेल्या जॉबचा हिशेब दाखवणाऱ्या एसअकाउंट कमांडमधला मॅक्सआरएसएस, म्हणजे जास्तीत जास्त वापरलेली मेमरी, हा रकाना वाचायला शिकवा. आपला प्रोग्रॅम किती मेमरी खातो हे अनेकांना तेव्हाच पहिल्यांदा कळतं, आणि मला हा या बदलाचा मोठा फायदा वाटतो.

दुसरं, टॉर्कमध्ये जॉब होम डिरेक्टरीत सुरू होतो, स्लर्ममध्ये जिथून पाठवला तिथे. शिवाय स्लर्म तुमच्या टर्मिनलचं सगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे तिथे केलेल्या सेटिंग आणि लोड केलेली मॉड्यूल (सॉफ्टवेअरच्या निवडलेल्या आवृत्त्या), जॉबमध्ये नेतो. त्यामुळे एकाकडे चालणारी स्क्रिप्ट शेजारच्याकडे पडते, कारण त्याने वेगळं मॉड्यूल लोड केलेलं असतं. नमुना स्क्रिप्ट द्याल तिच्यात आधी मॉड्यूल पर्ज (लोड केलेली सगळी मॉड्यूल काढणारी कमांड), मग हवी ती मॉड्यूल, असंच लिहा.

एकावर एक अवलंबून असलेले जॉब लावणाऱ्यांनाही आधीच सांगा. आधीचा जॉब फसला तर त्याच्या यशावर थांबलेले पुढचे जॉब टॉर्क काढून टाकतो, स्लर्म मात्र ते 'डिपेन्डन्सी नेव्हर सॅटिस्फाइड' म्हणून रांगेतच ठेवतो. ते आपोआप रद्द करायची सेटिंग आहे, ती लावा.

एमपीआय, म्हणजे एकच प्रोग्रॅम अनेक नोडवर मिळून चालवणारी लायब्ररी, नव्याने बांधा. जुना ओपनएमपीआय (एमपीआयचाच एक प्रकार) टॉर्कच्या लायब्ररीवर बांधलेला असेल, तर टॉर्क काढल्यावर त्याला ती लायब्ररी सापडणार नाही.

आता फेअरशेअर, म्हणजे आधीचा वापर पाहून गटांना रांगेत प्राधान्य देणं. हे काम तुम्ही एकट्याने अंगावर घेऊ नका. कोणत्या गटाला किती वाटा, हे प्राध्यापकांनी बसून ठरवायचं आणि लेखी द्यायचं. वापराचा अर्धायुकाल, म्हणजे जुन्या वापराचं वजन निम्मं व्हायला लागणारा वेळ, मुळात 7 दिवसांचा असतो. महिनाभर गप्प राहून मग एकदम मोठे जॉब टाकणारे गट असतील तर तो वाढवायचा का, हाही त्यांचाच निर्णय. सगळ्यांचा वापर शून्यापासून मोजला जाणार, हेही आधीच जाहीर करा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात पक्षपाताचे आरोप होतात.

आठवडाभरात स्लर्म बसेल, पण माणसं तेवढ्यात येणार नाहीत. टॉर्कमधले थोडे नोड ऑफलाइन करून स्लर्मला द्या, होम आणि स्क्रॅच (चालू कामाच्या तात्पुरत्या फायलींची जागा) दोन्हीकडे तेच ठेवा, आणि लोक येतील तसे नोड सरकवत जा. मुंज या, नोडना एकमेकांची ओळख पटवणाऱ्या सॉफ्टवेअरची किल्ली सगळ्या नोडवर एकच हवी आणि घड्याळं जुळलेली हवीत, नाहीतर नोड स्लर्मला जोडलेच जात नाहीत. जे नाराज असतील त्यांना सांगा की पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या परम ब्रह्म या महासंगणकावरही स्लर्मच आहे, म्हणजे इथे शिकलेलं तिथेही चालेल. टॉर्क बंद करायची तारीख मात्र पहिल्याच ईमेलमध्ये द्या, आणि ती प्रबंध जमा करायच्या दिवसांपासून लांब ठेवा.