पहिलंच जुनं व्हीएमसी घ्यायचंय, काय बघून घेऊ? (सोलापूर)

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक साधं मिलिंग आहे, लूमचे पार्ट आणि थोडी डायची कामं करता, आणि आता जुनं व्हीएमसी (म्हणजे उभ्या स्पिंडलचं, कॉम्प्युटर प्रोग्रामवर चालणारं मिलिंग मशीन) घ्यायचंय तर कुठल्या कंपनीचं घ्यावं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत हेच काम करतो आणि माझंही पहिलं मशीन जुनंच होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

कंपनीचा विचार सगळ्यात शेवटी करा. बीएफडब्ल्यू, एएमएस, ज्योती, सगळ्यांची चांगली मशीनं बाजारात येतात आणि सगळ्यांची मेलेली पण येतात. एकाच मॉडेलची दोन मशीनं घ्या, एक कुणाच्या टूलरूममध्ये दिवसपाळीला चाललेलं आणि दुसरं तीन पाळ्या कास्टिंगवर चाललेलं, दोन्हीचं वर्ष एकच असलं तरी दुसऱ्याच्या स्लाईडवेत (टेबल ज्याच्यावर सरकतं त्या पट्ट्यांत) बिडाची भुकटी कूलंटबरोबर जाऊन लॅपिंग पेस्टसारखी फिरलेली असते. त्यामुळे आधी विचारा मशीन कुठून निघालंय आणि त्याच्यावर काय चालत होतं. जिथं चालत होतं तिथंच, जोडलेलं असताना बघायला मिळालं तर एक सुट्टी टाकून जा, डीलरच्या गोडाऊनमध्ये ताजा रंग मारून उभं केलेलं बघण्यापेक्षा ते कधीही बरं. आणि करंट न लावलेलं मशीन घेऊच नका, कितीही स्वस्त देऊ देत.

कंट्रोलरचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, मात्र मी आधी बघेन. पहिल्यांदाच घेताय तर फानुक ०आय सिरीज घ्या असं माझं मत, कारण ऑपरेटर मिळतो, जुनी ड्राईव्ह-कार्ड रिपेअर करणारे पुण्यात मिळतात, आणि सकाळी फोन केला तर माणूस संध्याकाळपर्यंत सोलापुरात येऊ शकतो. सीमेन्स, मित्सुबिशी वाईट नाहीत, पण तो कंट्रोल उघडणारा माणूस आधी ओळखीचा करून ठेवा. डायची थ्रीडी कामं करणार असाल तर मेमरी किती आहे ते विचारा, जुन्या कंट्रोलमध्ये मोठा प्रोग्राम बसतच नाही, मग कार्डवरून किंवा केबलने डीएनसी चालवावं लागतं, म्हणजे प्रोग्राम बाहेरून थोडा थोडा पाठवत राहायचा, ते चालतंय का तिथंच बघा.

बघायला जाताना मॅग्नेटिक स्टँड, एक लिव्हर डायल (मायक्रॉनमध्ये फरक दाखवणारं काट्याचं माप) आणि बीटी४० चा टेस्ट मँड्रेल (स्पिंडलच्या बीटी४० मापाच्या टेपरमध्ये टूलच्या जागी बसणारा अचूक सरळ दांडा) घेऊन जा. आणि त्यांना सांगून ठेवा की मी आल्यावरच मशीन चालू करा. तासभर फिरवून गरम केलेल्या स्पिंडलचा आवाज गोड लागतो, बेअरिंगचं दुखणं थंड असताना आणि मग पुन्हा टॉप आरपीएमवर अर्धा तास चालल्यावर कळतं. अर्ध्या तासाने स्पिंडलच्या नाकाजवळ हात लावायचा, कोमट लागलं तर ठीक, हात ठेववत नसेल तर स्पिंडलचा खर्च किमतीतून कापून बोला. मग मँड्रेल लावून हाताने फिरवून रनआउट, म्हणजे तो किती वाकडा फिरतो, ते डायलवर बघा, नाकाजवळ ५ मायक्रॉनच्या आत आणि ३०० मिमी खाली १५-२० मायक्रॉनच्या आत असेल तर छोट्या कामाला मी ते घेईन. टेपरमध्ये बॅटरी मारून बघा, तांबूस ठिपके किंवा घासल्याच्या रेषा दिसल्या तर टूल ओढून धरणाऱ्या ड्रॉबारच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या असण्याची शक्यता असते, मग तो टूल नीट धरत नाही.

बॅकलॅश, म्हणजे दिशा उलटी केल्यावर टेबल हलायच्या आधीची ढिलाई, बघताना घाई करू नका, मी इथंच सगळ्यात जास्त वेळ घालवतो. टेबलावर डायल लावायचा, हँडव्हील १० मायक्रॉनवर ठेवायचं आणि एकेक टिक द्यायची. प्रत्येक टिकला काटा एक घर सरकला पाहिजे. आता उलट फिरवा आणि काटा किती टिक गप्प बसतो ते मोजा. एखादी टिक चालेल, तीन-चार टिक काटा हललाच नाही तर टेबल सरकवणारा बॉलस्क्रू किंवा त्याचं बेअरिंग गेलंय. विकणारा हुशार असेल तर त्याने फानुकच्या १८५१ नंबरच्या पॅरामीटरमध्ये (कंट्रोलमधल्या सेटिंगमध्ये) आकडा टाकून बॅकलॅश झाकलेला असतो, तो पॅरामीटर उघडून बघा. पण त्याच्यातही एक गोष्ट झाकता येत नाही. काम नेहमी टेबलाच्या मध्यावर चालतं म्हणून बॉलस्क्रू मध्यावर झिजतो आणि टोकाला नवा राहतो, आणि पॅरामीटरचा आकडा अख्ख्या अ‍ॅक्सिसला एकच असतो. म्हणून हीच तपासणी मध्यावर एकदा आणि दोन्ही टोकांना एकेकदा करा, तिन्ही आकडे वेगळे आले तर स्क्रू झिजलाय असं धरून चाला. आमचा जुना फिटर हे करत असताना डीलरचा माणूस त्याला म्हणाला होता, "काय बघालाय एवढं, मशीन रनिंगमधलं हाय की." तर फिटर काही बोलला नाही, डायल उचलून टेबलाच्या टोकाला लावला, मध्यावर एकच टिक काटा गप्प राहत होता, पण टोकाला एकदम उलटा फरक आला, आणि आम्ही ते मशीन सोडून आलो.

बाकी टेलिस्कोपिक कव्हर सरकवून आत तेल पोचतंय का बघा, स्लाईडवे कोरडी दिसली तर ल्युब पंप किंवा एखादी नळी बंद आहे. टूल चेंज वीस-पंचवीस वेळा सलग करा. रिजिड टॅपिंग (स्पिंडलनेच आटे पाडणं) करून बघा. तुमचा स्वतःचा एक ब्लॉक नेऊन त्याच्यात चौकोन, गोल आणि चार कोपऱ्यांना भोकं मारून आणा आणि घरी येऊन मोजा, गोलाच्या चार टोकांना पायरी लागत असेल तर ती बॅकलॅशचीच. पुल स्टड (होल्डरच्या वरचं, ग्रिपर पकडतो ते बोंड) ४५ डिग्रीचा की ६० चा तेही विचारून घ्या, चुकीचा लावला तर ग्रिपर मोडतो.

आता माझं काय झालं ते सांगतो. मशीन चांगलं निवडलं, ट्रकने आणलं, हायड्रा क्रेनने उतरवलं, आणि मग कळलं की विजेचा मंजूर लोड पुरत नाही. महावितरणकडे अर्ज तेव्हा केला. मशीन गाळ्यात दोन महिने बंद पडून राहिलं, कंट्रोलची बॅटरी आधीच संपत आलेली असणार, ती त्या दोन महिन्यांत गेली आणि मेमरीतले सगळे पॅरामीटर पुसले गेले. ज्या दिवशी लाईट जोडली त्या दिवशी स्क्रीनवर नुसते अलार्म. डीलरकडे बॅकअप नव्हता, मी मागितला पण नव्हता. पुण्याहून माणूस आला, तशाच मशीनचे पॅरामीटर शोधून एकेक बसवले, बारा दिवस गेले आणि घेतलेली ऑर्डर हातातून गेली. तुम्ही पैसे देण्याआधी सगळ्या पॅरामीटरचा आणि लॅडरचा (मशीनचे स्विच-मोटर चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रामचा) बॅकअप कार्डवर घ्या, तो मशीनवरून बघून खात्री करा, आणि बॅटरी लगेच नवीन टाका, पण मशीन चालू असतानाच, बंद करून काढली तर तेच होईल.

सोलापूरचं म्हणून दोन गोष्टी जास्त. मे महिन्यात इथं पारा ४२-४३ ला जातो आणि पत्र्याच्या गाळ्यात अजून वर, त्यामुळे पॅनलचा एसी चालू स्थितीत पाहिजे, नुसता पंखा असेल तर दुपारी ड्राईव्ह गरम होऊन ट्रिप होतात. शेजारी लूम असतील तर रुई फिल्टरमध्ये बसते, आठवड्याला काढून झटका. सर्वो स्टॅबिलायझर आणि वेगळा अर्थिंगचा खड्डा दोन्ही लागतात, न्यूट्रल आणि अर्थमध्ये २ व्होल्टच्या आत यायला पाहिजे. जपानी मशीन घेतलं तर ते बहुतेक २०० व्होल्टचं असतं, ट्रान्सफॉर्मर वेगळा. कॉम्प्रेसर, बीटी४० चे होल्डर, कोलेट, व्हाइस हे सगळं धरून तुमच्या बजेटचा एक तृतीयांश बाजूला काढून ठेवा आणि उरलेल्यात मशीन शोधा. शटरची उंची आजच टेपने मोजा, अशी मशीनं अडीच-पावणेतीन मीटर उंच असतात, आणि वजन चार-पाच टन, त्याप्रमाणे फरशीखाली कॉंक्रीट लागतं.

बिलावर मशीनचा सिरीयल नंबर टाकून घ्या, बँकेचा बोजा असेल तर एनओसी मागा. आणि लोड वाढवायचा अर्ज याच आठवड्यात टाका, मशीन अजून सापडलं नसलं तरी. मँड्रेल विकत घ्यायची गरज नाही, एमआयडीसीत कुणाकडे तरी मिळेल, नाहीच मिळालं तर इथंच मेसेज करा, माझं घेऊन जा.