2022 मध्ये गेलेल्यांची आठवण काढायची, पण कुणाकुणाची?

प्रश्न: ताई नमस्कार, आमचा खारघरला ज्येष्ठ नागरिकांचा ग्रुप आहे, दर महिन्याला एकेक साल घेऊन त्या वर्षी गेलेल्या नामवंतांची आठवण काढतो आणि नावं-तारखांचा फलक लावतो. आता 2022 आलंय. सगळे म्हणतायत लतादीदींची गाणी लावू, दोन तास सहज जातील. मी यादी करायला बसलो तर पानंच्या पानं भरली. कुणाला ठेवायचं आणि कुणाला गाळायचं?
— एक वाचक, खारघर

उत्तर: काका, दीदींची दोन गाणी लावाच, पण अख्खा कार्यक्रम त्यांच्यावर नको असं मला मनापासून वाटतं. 6 फेब्रुवारीला त्या गेल्या, शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले, तो दिवस कोण विसरलंय? त्याच्या आधीचा जानेवारी बघा ना. 4 ला सिंधुताई सपकाळ, 17 ला बिरजू महाराज आणि एन. डी. पाटील एकाच दिवशी, 22 ला संगीत नाटकांतल्या कीर्ती शिलेदार, 27 ला डॉ. अनिल अवचट. एवढी मोठी माणसं एका महिन्यात गेली आणि मग दीदींची बातमी आली, त्यात यांच्याबद्दल बोलायचं राहूनच गेलं.

खारघरला तर मी एन. डी. सरांपासूनच सुरुवात करीन. पेण-उरण-पनवेल पट्ट्यात महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमिनी घ्यायच्या ठरल्या तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने उभं राहिलेला हा माणूस, आणि त्या लढ्यामुळे 2008 साली पेणच्या 22 गावांत सरकारला शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. तुमच्या ग्रुपात आजूबाजूच्या गावांतले कुणी असतील तर त्यांनाच बोलायला सांगा, छापील माहिती वाचून दाखवण्यापेक्षा ते शंभरपट चांगलं.

अवचटांसाठी भाषण नको. त्यांनी पत्नी सुनंदाताईंबरोबर 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं एवढं सांगा आणि सगळ्यांच्या हातात एकेक चौकोनी कागद द्या, ते ओरिगामी किती जीव लावून करायचे, नातवंडांनाही बोलवा, मजा येईल.

दुसरं म्हणजे डिसेंबर. वर्षअखेरीचे अंक आधीच छापायला गेलेले असतात, त्यामुळे शेवटी गेलेली माणसं त्यात नसतातच. सुलोचना चव्हाण 10 डिसेंबरला गेल्या. डोक्यावर पदर घेऊन, माइकसमोर उभं राहून ठसकेबाज लावणी गाणारी ही बाई, त्याच वर्षी पद्मश्री मिळालेली. त्यांची एक लावणी ठेवाच.

बाकी पंडित शिवकुमार शर्मा, रमेश देव, प्रदीप पटवर्धन वगैरे नावं फलकावर आली तरी चालतील, सगळ्यांवर बोलत बसलात तर कुणाचंच धड होणार नाही.

आणि फलक लिहिताना फॉरवर्डवरून तारखा घेऊ नका. विक्रम गोखले 26 नोव्हेंबरला गेले, पण त्याच्या दोन-तीन दिवस आधीच श्रद्धांजलीचे मेसेज फिरले होते आणि ते हॉस्पिटलमध्ये असताना घरच्यांना ते जिवंत आहेत असं सांगावं लागलं, किती त्रास झाला असेल. तेव्हा प्रत्येक तारीख त्या दिवसानंतरच्या पेपरात बघा आणि मगच लिहा.