क्लब मालकाचा, खेळाडू कोणाचा?

प्रश्न : इंग्लंडमधील रग्बी क्लबांचे धनाढ्य मालक वर्षानुवर्षे तोटा सोसतात, तरीही राष्ट्रीय संघटनेशी त्यांचे खटके उडतच राहतात, असे वाचनात येते. पदरचे पैसे घालणाऱ्यांशी संघटनेचे वैर का असावे? न्यूझीलंडमध्ये असा वाद फारसा ऐकू येत नाही, तो का?

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांचे मूळ १९९५ या एकाच वर्षात आहे. रग्बी युनियन, म्हणजे पंधरा-पंधरा खेळाडूंची रग्बी, हा खेळ तोवर निदान कागदोपत्री हौशी होता. त्या वर्षी २६ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाच्या पॅरिस येथील बैठकीत खेळाडूंना उघडपणे पैसे देण्याची मुभा मिळाली. इंग्लंडच्या संघटनेने मात्र वर्षभर थांबण्याचे ठरवले आणि माझ्या मते सारे बिघडले ते तिथेच. संघटना विचार करीत बसली असताना न्यूकॅसल युनायटेड या फुटबॉल क्लबचे सर जॉन हॉल यांनी त्याच शहरातील रग्बी क्लब ताब्यात घेतला, नायजेल रे यांनी सारासेन्स या क्लबमध्ये पैसा ओतला आणि इतर धनिकही त्याच वाटेने आले. संघटना जागी झाली तेव्हा खेळाडूंचे करार मालकांच्या कपाटात जाऊन पडले होते.

दक्षिण गोलार्धात याच्या नेमके उलटे घडले. क्रिकेटची घडी १९७७ मध्ये विस्कटणारे केरी पॅकर यांच्या पाठबळावर एका कंपनीने तिथल्या अव्वल खेळाडूंना आपल्याकडे ओढण्याचा डाव टाकला होता. परंतु न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका या तीन संघटनांनी माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीशी दहा वर्षांसाठी ५५.५ कोटी डॉलरचा प्रक्षेपण करार केलेला असल्यामुळे खेळाडूंना वेतन देण्याइतका पैसा त्यांच्या हाती होता, आणि तो त्यांनी वेळेवर वापरला. न्यूझीलंडचा आघाडीचा खेळाडू आजही राष्ट्रीय संघटनेशीच करारबद्ध असतो, म्हणून तिथे मालक विरुद्ध संघटना असा सामना उभाच राहत नाही. आयर्लंडचे चार प्रांतिक संघही तिथल्या संघटनेच्याच अखत्यारीत आहेत.

इंग्लंडमध्ये खेळाडूचा पगार मालक देतो. पण ट्विकनहॅमचे ८२ हजार आसनांचे मैदान आणि तिथल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांचे उत्पन्न संघटनेचे. ज्याला आपण वर्षभर पोसतो तो ऐन हंगामात राष्ट्रीय संघाकडे जातो आणि कधी जायबंदी होऊन परततो, ही मालकाची तक्रार अगदीच गैर म्हणता येत नाही. संघटनेचेही एक म्हणणे आहेच : प्रेक्षकाला खेळाची गोडी लागते ती राष्ट्रीय संघामुळे, आणि शाळा, गावोगावचे छोटे क्लब, पंच यांचा खर्च मालक करीत नाहीत. शिवाय मालकांना नुसता खर्चाचा परतावा नको होता, स्पर्धा आणि प्रक्षेपण हक्क यांवर ताबा हवा होता. त्यासाठी इंग्लिश क्लबांनी १९९८-९९ च्या युरोपीय स्पर्धेवर बहिष्कार टाकला. पुढे फ्रेंच क्लबांना सोबत घेऊन त्यांनी जुनी स्पर्धाच सोडण्याची नोटीस दिली आणि २०१४ मध्ये नवी व्यवस्था पदरात पाडून घेतली.

मालकाचे मन फिरले किंवा खिसा रिकामा झाला की काय होते, याचा अनुभवही इंग्लंडने लवकर घेतला. रिचमंडच्या मालकाने १९९९ मध्ये हात आखडता घेतला आणि तो जुना क्लब व्यावसायिक रग्बीतून बाहेर फेकला गेला. २०१८ मध्ये सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने इंग्लिश लीगमधील २७ टक्के हिस्सा घेतला तेव्हा आता सुबत्ता आली असे अनेकांना वाटले. पण २०२२ मध्ये वूस्टर आणि दोनदा युरोपविजेता ठरलेला वॉस्प्स, तर २०२३ मध्ये लंडन आयरिश, असे तीन क्लब कोसळले. सारासेन्सचे उदाहरण वेगळे : तिथे पैसा इतका होता की खेळाडूंच्या एकूण पगारावर लीगने घातलेली मर्यादा ओलांडल्याबद्दल ५० लाख पौंडांहून अधिक दंड झाला आणि २०२० मध्ये क्लबला खालच्या श्रेणीत जावे लागले.

आता ‘आर ३६०’ या प्रस्तावित बंडखोर लीगच्या निमित्ताने मालकी हक्काचा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. २०२५ मध्ये न्यूझीलंड, इंग्लंड, फ्रान्स यांच्यासह अनेक संघटनांनी तिकडे जाणाऱ्या खेळाडूला राष्ट्रीय संघाची दारे बंद होतील असे संयुक्तपणे जाहीर केले. पैशाच्या बाबतीत संघटना धनिकांशी बरोबरी करू शकत नाहीत. राष्ट्रीय संघाची जर्सी मात्र अजून कोणत्याही मालकाला विकत घेता आलेली नाही.